गॉस्पेल म्हणजे गुलामांची शेतातली गाणी? साफ चूक!

पेटीमास्तर: कालच्या धाग्यात गॉस्पेलवर, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या भक्तिगीतांवर, एकाने ठोकून दिलं, "गॉस्पेल म्हणजे गुलामांनी कापसाच्या शेतात गायलेली गाणी." अहो, ती स्पिरिच्युअल्स, गुलामांची जुनी भक्तिगीतं! त्यांना कर्ता नाही, तोंडोतोंडी आलेली. १८७१ पासून नॅशव्हिलच्या फिस्क ज्युबिली सिंगर्स या गायकवृंदाने ती गावोगावच्या रंगमंचावर नेली. गॉस्पेल शहरात घडलं, १९३०च्या सुमारास शिकागोत, दक्षिणेतल्या राज्यांतून पोटासाठी आलेल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये. ते घडवणारा थॉमस डॉर्सी आधी मा रेनी या गायिकेच्या साथीला ब्लूजचा, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या ऐहिक गाण्यांचा, पियानो वाजवायचा. १९३२ मध्ये तो सेंट लुईसला असताना तार आली, बायको बाळंतपणात गेली. पाठोपाठ बाळही गेलं. त्यानंतर त्याने 'प्रेशस लॉर्ड' लिहिलं. कर्ता आहे, साल आहे, तरी श्रेय शेताला?

खंजिरी: त्या गाण्याची चाल डॉर्सीची नाहीच! १९व्या शतकातल्या हिम्नची, म्हणजे चर्चमधल्या स्तोत्राची आहे. आणि एकाने ओळ टाकायची, सगळ्यांनी उचलायची, हे काय शिकागोत सापडलं? ते शेतातूनच आलं!

पेटीमास्तर: चाल जुनी, मान्य. पण तिला ब्लूजची ओढ त्याने दिली. म्हणून तर बड्या चर्चांनी सुरुवातीला त्याची गाणी नको म्हटलं.

टाळकरीण: बरोबरच केलं! नाचगाण्याचा ठेका देवापुढे कशाला? आमच्या भजनी मंडळात सिनेमाच्या चालीवर गवळण सुरू झाली. आईने टाळ सतरंजीवर ठेवले, दोरी गुंडाळली आणि उठली. वीस वर्षांची वारी मोडली, मंडळात परत गेली नाही.

खंजिरी: आईंचं दुःख कळतं. पण चाल बाटते कशी? गॉस्पेल गायिका सिस्टर रोझेटा थार्पने १९३८ मध्ये गिटार घेऊन कॉटन क्लब या न्यूयॉर्कच्या नाइटक्लबमध्ये देवाची गाणी म्हटली. तेव्हाही चर्चवाले चिडलेच.

टाळकरीण: चिडणारच! ज्याची गाणी त्याला लागतं. तुमची आई उठून गेली असती तर असं बोलला असता?

खंजिरी: आईला मध्ये आणू नका.

परदेशीपाखरू: मी शिकागोत राहते. बाबा गेले त्या महिन्यात शेजारीण मला तिच्या चर्चमध्ये घेऊन गेली. गायकवृंदाने 'प्रेशस लॉर्ड' धरलं. शब्द निम्मेच कळले, पण शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी माझा हात गाणं संपेपर्यंत सोडला नाही. मार्टिन ल्यूथर किंगच्या अंत्यविधीला १९६८ मध्ये गॉस्पेल गायिका महालिया जॅक्सनने हेच गायलं होतं. ठेका कुठून आला, हे त्या वेळी मला नसतं विचारता आलं.

टाळकरीण: तुमच्या बाबांसाठी वाईट वाटतं. त्या गाण्यापुरतं मागे घेते. सिनेमाच्या गवळणीचं नाही घेणार.

पेटीमास्तर: आणि मूळ मुद्दा? "शेतातून निघालेलं" लिहा, "शेतातलं" नको. याहून मागे येणार नाही.