आरशापुढून हलतच नाही – हौस की आणखी काही? तातडीने मदत हवी आहे

सुमा_सिन्नर
नमस्कार मंडळी. पाल्हाळ लावत नाही, थेट विचारते. आमचं लेकरू सकाळी आंघोळीला म्हणून जातं ते सव्वा तास बाहेर येत नाही. आत पाण्याचा आवाजही नसतो. बाहेर आलं की कपाटाचा आरसा, मग हॉलमधला, मग मोबाईलचा पुढचा कॅमेरा. पार्किंगमधल्या गाड्यांचे आरसेसुद्धा सुटत नाहीत. ओरडले की "तुला नाही कळणार". ह्यांचं म्हणणं, वयच आहे, नटू दे. मला एवढंच सांगा, चांगलं दिसावंसं वाटणं कुठे संपतं आणि स्वमग्नता कुठे सुरू होते? घरातले आरसे काढून टाकावेत का? रविवारी पुतणीचं लग्न आहे, त्याआधी उत्तर मिळालं तर बरं.

खारीबिस्कीट
अगं, मुलगी नटतेय तर नटू दे की! मला पैठणी नेसायला पाऊण तास लागतो आणि मी तो मजेत घालवते. निऱ्या मनासारख्या बसल्या की आरशातल्या बाईला मीच "वा!" म्हणते. पण कार्यालयात पाऊल टाकलं की पदर खोचून पंगतीत वाढायला उभी. मग नथ वाकडी झालीय हे फोटो आल्यावर कळतं.

अण्णा_५२
आमच्या वाड्यात नऊ बिऱ्हाडं आणि दाढीचा आरसा एक. तोही कोपऱ्यात फुटलेला. कोणाचं काही अडलं नाही. मोबाईल काढून घ्या, आठ दिवसांत ताळ्यावर येईल मुलगी. हल्ली आईबापांनाच धाक नको झालाय.

शब्दवेडा
अवांतर, पण राहवत नाही. "स्वमग्नता" हा शब्द मराठीत ऑटिझमसाठी रुळलाय. त्या मुलांचे पालक हा धागा उघडतील आणि वैतागतील. इथे "आत्ममग्न" किंवा "आत्मरत" म्हणा. शीर्षकात नाही, पण मजकुरात आहे, बदलून घ्या.

खारीबिस्कीट
@शब्दवेडा, बाईंच्या घरात काय चाललंय आणि तुमचं काय चाललंय!

शब्दवेडा
चुकीच्या शब्दाने चुकीचा आजार शोधला जातो, म्हणून सांगितलं. बाकी चालू द्या.

तालमीतला
सुमाताई, वय किती? शिक्षण की नोकरी? आरशात नेमकं काय बघतात? चेहरा, कपडे, अंग? काहीच सांगितलं नाहीत आणि सगळे मुलगी धरून चाललेत. तुम्ही कुठेही तसं लिहिलेलं नाही.

एक सांगतो. आम्ही कोल्हापूरचे, आजोबा लाल मातीतले. जोर-बैठका झाल्या की कंदिलाच्या उजेडात दंड फिरवून बघायचे, स्वतःवर खूश. आजी चिडवायची, "बघा, बघा, झिजल आरसा!" पण दारातून कोणी हाक मारली की तशीच बंडी चढवून बाहेर. शरीर कमावलं तर मिरवावं, त्यात लाज कसली? तेव्हा मुलगा असेल तर सरळ आखाड्यात घाला.

सुमा_सिन्नर
मुलगा आहे हो! १९ पूर्ण. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. आमच्याकडे लाडाने लेकरूच म्हणतात, मला वाटलं कळेल. केस बघतो, दुसरं काय. दोन्ही बाजूंनी मागे सरकलेत म्हणतो. मला तर काही दिसत नाही. घरातसुद्धा टोपी. जेवताना सासूबाई ओरडतात तरी काढत नाही.

हिरवाई
केस गळतात असं आधी सांगायचं ना! माका, जास्वंदीची फुलं, कढीपत्ता, आवळा, चार मेथीदाणे. लोखंडी कढईत खोबरेल तेलात मंद आचेवर, पानं कुरकुरीत होईपर्यंत. गाळून बरणीत. रात्री लावून सकाळी शिकेकाई. माझ्या नणदेचे तीन महिन्यांत भरले.

बे_एरियातली
तेलाने काही होत नाही. माझ्या दिराने इस्तंबूलला जाऊन केस रोवून घेतले, आता ओळखू येत नाही. आत्मविश्वास परत आला. दिसणं सुधारलं की मनही सुधारतं, उगाच मानसिक काही शोधू नका.

तालमीतला
१९व्या वर्षी? टक्कल पुढे कसं पडणार हेच अजून ठरलेलं नसतं, भला डॉक्टर त्या वयात हात लावणार नाही. आणि आई सांगतायत की काही दिसतच नाही. रोवणार कुठे?

अण्णा_५२
आरशाचा नाद म्हणजे गर्व. ग्रीकांची ती गोष्ट आहे ना, पाण्यात स्वतःला बघत बसलेल्या पोराची.

कर्जतलोकल
अण्णा, इथे नेमकं उलटं दिसतंय. तो पोरगा पाण्यातल्या स्वतःच्या प्रेमात पडला होता. हा बहुतेक स्वतःला घाबरतोय. वरवर दोघं सारखेच दिसतात, कारण दोघंही आरशापुढे उभे.

सुमाताई, तीन प्रश्न. नीट आठवून उत्तर द्या. एक, आरशापुढून येतो तेव्हा खूश असतो की पडेल? दोन, केसांपायी काही टाळतो का, कॉलेज, मित्र, फोटो? तीन, तुम्हाला सारखं विचारतो का, "कमी दिसतायत का?"

सुमा_सिन्नर
खूश कसला. चेहरा उतरलेला असतो, मी समजायचे आतमध्ये मोबाईलवर कोणाशी तरी भांडला. विचारतो तर दिवसातून वीस वेळा. "आई, कालच्यापेक्षा जास्त दिसतंय ना?" मी म्हणते, नाही रे राजा, छान दिसतोस. दहा मिनिटं गप्प, परत तेच. बाथरूमची ट्यूब काढून ह्याने पिवळा बल्ब लावला, पांढऱ्या उजेडात टाळू दिसते म्हणून. मागच्या महिन्यात एका तोंडी परीक्षेला गेलाच नाही, पोटात दुखतं सांगून. सर टोपी काढायला लावतात हे मला त्याच्या मित्राकडून कळलं. आणि रविवारच्या लग्नाला येणार नाही म्हणतो. खरं तर त्यासाठीच लिहायला घेतलं होतं, ते राहूनच गेलं.

आणखी एक. लिहू की नको असं झालं होतं. काल आहेरासाठी पाकिटं शोधत होते. रुपयाचं नाणं चिकटवलेली असतात ना, ती. त्याच्या खणात गठ्ठाच सापडला. प्रत्येकात केस. वर तारीख आणि आकडा, त्याच्या बारीक अक्षरात. ६३. ५८. ७१. ६६. मी खण तसाच लावून टाकला.

खारीबिस्कीट
अगं बाई. माझं पैठणीचं सगळं मागे घेते.

बे_एरियातली
केसांच्या डॉक्टरला तरी दाखवा ना आधी. रक्त तपासा, लोह, थायरॉइड. टायफॉइड-डेंग्यू होऊन गेला असेल तर दोन-तीन महिन्यांनी केस गळतातच.

सुमा_सिन्नर
तीन झाले. तिघांनीही केस बघितले, रक्त तपासलं, सगळं ठीक म्हणाले. तिसऱ्याकडून येताना रिक्षात म्हणाला, यांना नीट बघता येत नाही, चौथ्याकडे जाऊ.

कर्जतलोकल
ताई, दिवसाला ५० ते १०० केस कोणाचेही गळतात. त्याच्या पाकिटांवरचे सगळे आकडे त्यातलेच आहेत. म्हणजे मोजणी बरोबर आहे, तरी त्याला धीर मिळत नाही.

माझी गोष्ट सांगतो. माझं केसांचं नव्हतं, नाकाचं होतं. बावीस वर्षांचा होतो. फास्ट लोकलमध्ये खिडकी मिळाली तरी सोडायचो, कारण काच पाडलेली असली की पारसिकच्या बोगद्यात अंधार व्हायचा आणि काचेत नाक दिसायचं. खिडकी सोडणारा माणूस बघून लोक धन्यवाद द्यायचे! शेवटी कर्ज काढून ऑपरेशन केलं. नाक सरळ झालं, चार महिने बरे गेले. मग हनुवटी आत गेल्यासारखी वाटायला लागली. त्या सर्जनने दुसऱ्या वेळी नकार दिला आणि मनोविकारतज्ज्ञाची चिठ्ठी दिली. तेव्हा रागाने फाडली होती. दुसरी मिळवायला वर्ष गेलं.

याला नाव आहे, बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर, म्हणजे दुसऱ्याला न दिसणारा किंवा जेमतेम दिसणारा दोष सारखा डोक्यात घोळणं. मोबाईलच्या जमान्याचं खूळ नाही अण्णा, मोर्सेली नावाच्या इटालियन डॉक्टरने १८९१ मध्येच लिहून ठेवलंय. २०१३ पासून मानसिक आजारांच्या अमेरिकन वर्गीकरणात ते ओसीडीच्या घरात बसवलंय, म्हणजे सारखं हात धुणाऱ्यांच्या शेजारी. बहुतेकांचं शाळा-कॉलेजच्या वयातच सुरू होतं. तुमच्या मुलाला तेच आहे असं मी ठरवणार नाही, ते तज्ज्ञ ठरवतील. पण तीनही उत्तरं मला माझीच वाटली.

आणि आरसे काढू नका. माझ्या आईने काढले होते, मी स्टीलच्या डब्यात बघायचो.

हिरवाई
तेल सोबत लावलं तर काय बिघडतं? डोकं तरी शांत होईल.

तालमीतला
बिघडतं. तेल लावून तो रोज सकाळी फरक बघायला आरशापुढे. कर्जत, आखाड्याचा सल्ला मीही मागे घेतो. आमच्या जिममध्ये एक पोरगा आहे, दंड माझ्या मांडीएवढे, आणि मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट. बारीक दिसतो म्हणून. आम्ही इतकी वर्षं त्याला हसत होतो.

अण्णा_५२
मुलगा आईशी बोलतोय तोवर बरं आहे. मोबाईल काढून घेऊ नका. माझा पुतण्या बोलायचा थांबला होता, जास्त लिहीत नाही.

कर्जतलोकल
म्हणूनच विचारतो, सुमाताई. जगून काय उपयोग, असं काही बोलतो का? बोलला असेल तर रविवार-सोमवार करू नका, आजच दाखवा. टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, १४४१६, सरकारी आणि फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलतात. आधी तुम्ही स्वतः फोन केलात तरी चालतो.

बाकी, "छान दिसतोस" म्हणणं हळूहळू कमी करा. ते दहा मिनिटं टिकतं हे तुम्हीच लिहिलंय. वाद घालू नका, "तुला किती त्रास होतोय ते दिसतंय" एवढंच म्हणा. "वेडा झालास का, डोक्याच्या डॉक्टरकडे चल" असं चुकूनही नको. मला गोळ्या आणि विचार-वर्तन उपचार दोन्ही लागले. गोळ्यांचा फरक कळायला काही आठवडे जातात, आठ दिवसांत सोडून देऊ नका. मला पहिला गृहपाठ काय होता माहितीय? खिडकीत बसायचं आणि बोगद्यात डोळे उघडे ठेवायचे.

शब्दवेडा
सुमाताई, मजकुरातला शब्द राहू द्या. त्यावर आता काही म्हणणं नाही.

सुमा_सिन्नर
तसलं काही बोलला नाही. काल रात्री सरळ विचारलं, हात कापत होते माझे. "नाही गं आई, तसं नाही" म्हणाला, मग बराच वेळ बसून राहिला. पाकिटं बघितली हे सांगितलं. चिडेल वाटलं होतं. म्हणाला, मोजताना चुकलं की परत पहिल्यापासून मोजावं लागतं.

लग्नाचा आग्रह सोडला. जाऊबाईंना सांगितलं, त्याची परीक्षा आहे. नाशिकला मनोविकारतज्ज्ञांची मंगळवारची वेळ मिळालीय. येतो म्हणतोय, पण तिथे टोपी काढणार नाही, ही अट. मी तिथल्या बाईंना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, राहू द्या टोपी.