किन्वा पहिल्यांदाच शिजवला. कडू आणि चिकट झाला. काय चुकलं?

प्रवरेकाठचा

नमस्कार मंडळी. मी संगमनेरचा. कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ३१ वर्षं सहायक होतो, आता निवृत्त. ऑक्टोबरात सौ.च्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून स्वयंपाक माझ्याकडे आहे. वरण-भात, पिठलं, मुगाची खिचडी, चार-पाच भाज्या आता बिनचूक होतात. भाकरी शेजारच्या वहिनी देतात.

सौ.ला मधुमेह आहे आणि भात तिच्या जिवाचा. मुलगी दिवाळीला आली तेव्हा अर्ध्या किलोची दोन पाकिटं किन्वा ठेवून गेली. "बाबा, भातासारखाच करायचा," एवढंच सांगून गेली. मी शनिवारी रात्री अगदी तसंच केलं. दोन वाट्या किन्वा घेतला, तांदळासारखा एकदा विसळला, पाच वाट्या पाणी घातलं, मीठ घातलं आणि कुकरला तीन शिट्ट्या काढल्या.

झाकण उघडलं तर गुरगुट्या भाताहूनही सैल लगदा. चव घेतली, ती आधी बरी लागली आणि मग घशाशी कडू झाली. लहानपणी रिठा दाताखाली आला होता, नेमकी तीच चव. त्यातून प्रत्येक दाण्याला एकेक पांढरा, वळलेला धागा सुटलेला. सौ.नं ताटात पाहिलं आणि म्हणाली, "अहो, यात आळ्या आहेत." मी भिंग आणून पाहिलं. आळ्या नव्हत्या, पण काय होतं तेही मला सांगता येईना. तिनं ताट बाजूला सारलं ते सारलंच. त्या रात्री ती दूध पिऊन झोपली.

दोन वाट्या धान्य वाया गेलं याची चुटपुट आहेच, पण त्याहून जास्त वाटतं ते तिच्यासाठी. ऑपरेशननंतर तिची भूक कमी झाली आहे, आणि भात कमी केल्यापासून ती जेवायला बसते ती नाइलाजानं. हे धान्य नीट जमलं तर तिच्या ताटात भातासारखं काहीतरी येईल, एवढीच इच्छा आहे. मग हा कडूपणा कशाचा? तो धागा म्हणजे धान्य खराब झाल्याची खूण आहे का? पाणी किती घालायचं, आणि कुकर चालतो की नाही? दीड पाकीट अजून शिल्लक आहे.

मुग्धा_कोथरूड

काका, धान्य खराब नाही, धुणं कमी पडलं. किन्व्याच्या दाण्यावर कडू थर असतो. पाकिटावर 'धुतलेला' असं छापलेलं असलं तरी मी घरी पुन्हा धुतेच. मोठ्या पातेल्यात घ्या, दोन्ही तळहातांत धरून साबुदाण्यापेक्षा जोरात चोळा, पाणी ओता, पुन्हा चोळा. पाण्यावर फेस येणं थांबेल तेव्हाच थांबायचं. पुरणाच्या चाळणीतून दाणे निसटतात, त्यामुळे चहाची मोठी गाळणी घ्या किंवा सरळ पातळ पंचा.

मग निथळून कढईत थेंबभर तेलावर परता. पाणी आटून दाणे सुटे झाले आणि शेंगदाणे भाजल्यासारखा वास आला की एक वाटीला पावणेदोन वाट्या उकळतं पाणी. झाकण, बारीक आच, १५ मिनिटं. गॅस बंद केल्यावर १० मिनिटं झाकण उघडायचं नाही, सगळं मोकळं होणं त्या १० मिनिटांत होतं. मग काट्यानं हलक्या हातानं सोडवा. डाव घालू नका, गोळा होतो.

कुकर चालतो, पण एकच शिट्टी आणि दीड वाटी पाणी. तुमच्या तीन शिट्ट्या आणि अडीचपट पाणी म्हणजे लगदा होणारच.

आणि दोन वाट्या दोघांना फार झाल्या. शिजल्यावर तिप्पट होतो. अर्धी वाटी घ्या, पोटभर होईल. पहिल्यांदा काकूंना भातासारखा पांढरा वाढूच नका, उपमा करा: मोहरी, उडदाची डाळ, कढीपत्ता, आलं, हिरवी मिरची, मटार, वरून ओलं खोबरं आणि लिंबू. भाताच्या जागी भातासारखं दिसणारं दुसरं काही ठेवलं की माणूस भाताचीच चव शोधत राहतो. माझ्या सासूबाईंच्या बाबतीत हे मी अनुभवलं आहे.

ला_पाझ_ते_पुणे

नमस्कार. मी कामानिमित्त चार वर्षं बोलिव्हियात, ला पाझला होते, म्हणून लिहायला बसले.

टिटिकाका सरोवराच्या आसपासचं ते पठार ३,८०० मीटरवर आहे. तिथे रात्री दव गोठतं, झाड म्हणून नजरेस पडत नाही, आणि अशा जमिनीत हजारो वर्षं दोन पिकांनी माणसं जगवली: बटाटा आणि किन्वा. दक्षिणेला उयुनीच्या मिठागराच्या कडेला मोठ्या दाण्याचा 'किनुआ रेआल' होतो, म्हणजे राजकिन्वा. तो पाहिला तेव्हा मला आंबेमोहराचं कौतुक करणारे आपले शेतकरी आठवले, तिथल्या बायका मूठभर दाणे हातावर घेऊन अगदी तसंच बोलतात.

काका, तुम्हाला रिठ्याची चव आठवली ती बरोबर आठवली. दोन्हींत सॅपोनिन नावाचं कडू द्रव्य असतं. रिठा फेसाळतो तो त्याच्यामुळेच. पाखरं शेतातला दाणा टिपत नाहीत तेही त्याच्यामुळे, म्हणून शेतकऱ्याला ते हवंच असतं, फक्त ताटात नको. मी पाहिलेल्या गावात दाणे आधी भाजतात, मग दगडाच्या उखळासारख्या खळग्यात पांढऱ्या मातीबरोबर घालून पायांनी मळतात, कमरेतून वळत, तासभर. मग वाऱ्यावर उफणणं, मग कितीतरी पाणी. तिथे पाणी लांबून आणावं लागतं. आता यंत्रं आली आहेत, पण तो तासभर मळणारा पाय एकदा पाहिला की नळाखाली पाच वेळा धुणं जड वाटत नाही.

एक मात्र मनापासून सांगते. किन्वा म्हणजे सुटासुटा, मोकळा, सॅलडातला, हे चित्र बाहेरच्यांचं आहे. ज्यांचं ते धान्य आहे ती माणसं तो बहुतेकदा मऊच खातात. 'पेस्के' म्हणून एक प्रकार असतो: किन्वा मऊ शिजवून घोटायचा, त्यात दूध आणि चीज. बटाटे घालून दाट सूप करतात. पीठ मळून छोटे मुटके वाफवतात. पेरूमध्ये कुस्कोला सकाळी थंडीत गाड्यांवर गरम किन्वा मिळतो, सफरचंद, दालचिनी, लवंग घालून पातळ पेजेसारखा उकळलेला, पेल्यातून प्यायचा. म्हणजे तुमचा लगदा हा पदार्थ म्हणून चुकीचा नव्हताच. कडू राहिला, एवढीच चूक. काकूंना गुरगुट्या भात आवडत असेल तर मऊच करा, खुशाल.

तिथे शिजायला मात्र वेळ लागतो. एवढ्या उंचीवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं. पुण्याला परत आल्यावर माझा पहिला किन्वा त्या सवयीनं मीही जास्त शिजवला होता.

ओल्या_मातीचा

धाग्याबद्दल कोणी सांगितलं नाही म्हणून लिहितो. मी शेतीच्या विद्यार्थ्यांना वनस्पतीशास्त्र शिकवतो.

काका, तुम्ही भिंगातून पाहिलात तो अंकुर. गव्हाच्या दाण्यात अंकुर एका टोकाला, टाचणीच्या डोक्याएवढा असतो. किन्व्यात तो दाण्याच्या कडेनं कड्यासारखा गुंडाळलेला असतो आणि शिजताना ते कडं सुटतं. दाण्याच्या मानानं अंकुर इतका मोठा आहे म्हणून १०० ग्रॅम कच्च्या किन्व्यात १४ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं भरतात, आपल्या तांदळाच्या जवळपास दुप्पट. तांदळात आणि गव्हात कमी पडणारं लायसिनही (प्रथिनांचा एक घटक) त्यात चांगलं आहे. धागा सुटला म्हणजे दाणा शिजला, एवढाच अर्थ घ्यायचा.

आणि हे काकूंना जरूर सांगा: किन्वा आपल्या चाकवताचा सख्खा भाऊ आहे. चाकवत म्हणजे चेनोपोडियम आल्बम, हा चेनोपोडियम किन्वा. हिमाचलात चाकवताच्याच जातीचं बी धान्य म्हणून खातात, त्याला बाथू म्हणतात. पालक, बीट आणि राजगिराही त्याच कुळातले. नवख्या धान्याला नातं सापडलं की ते घरात लवकर रुळतं, असं मी शेतकऱ्यांच्या घरी पाहिलं आहे.

भाकरीवाली_मंगळवेढा

सगळं खरं, पण ज्वारी सोडून हे महागडं धान्य घ्यायची खरंच गरज आहे का? मधुमेहाला काय, ज्वारी-नाचणी वर्षानुवर्षं खातोय आपण. भाताचीच आठवण येत असेल तर भगर आहे, ज्वारीच्या कण्या आहेत. कण्या ताकात शिजवून बघा एकदा. आमच्याकडे मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी दारात पिकते. २०१३ हे किन्व्याचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं, बोलिव्हियानं मागणी केली होती. २०२३ भरडधान्यांचं झालं, ते भारताच्या मागणीवरून. त्यांनी त्यांचं धान्य जपलं, आपण आपलं जपावं.

ओल्या_मातीचा

ताई, तुमचं म्हणणं मला पटतं. कण्या उत्तमच. काकांच्या घरी पाकीट आलेलं आहे, ते वाया जाऊ नये एवढाच प्रश्न आहे. आणि काका, मधुमेहासाठी म्हणून भरपूर वाढू नका. कच्च्या १०० ग्रॅममध्ये ६४ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं आहेतच. तंतू तांदळापेक्षा जास्त, साखर हळू चढते, पण मोजून खायचं धान्य आहे.

सोनाली_ठाणे

मध्येच विचारते, संकष्टीला चालेल का? घरात राजगिरा चालतो, मग त्याच कुळातला हा का नको, असं वाटलं.

ला_पाझ_ते_पुणे

ते तुमच्या घरानं ठरवायचं. आमच्याकडे सासूबाई नको म्हणाल्या, मी नाही केला. पण उपासाच्या ताटाकडे मी आता वेगळ्या नजरेनं पाहते. बटाटा त्याच पठारावरचा. शेंगदाणा, मिरची, ज्याच्यापासून आपला साबुदाणा होतो तो कंद, सगळे अमेरिका खंडांतून आलेले. कधीतरी कोणाच्या तरी आजीनं त्यांना पहिल्यांदा हो म्हटलं असेल.

प्रवरेकाठचा

सर्वांचे मनापासून आभार. दुसरा प्रयत्न काल, रविवारी केला, तो सविस्तर लिहितो.

अर्धी वाटी किन्वा घेतला. फेस कधी थांबला हे डोळ्यांनी नीट कळेना, म्हणून जुन्या सवयीनं प्रत्येक पाणी थोडं बाटलीत घेऊन बूच लावून जोरात हलवलं. पहिल्या पाण्याचा फेस दोन बोटं चढला आणि पाच मिनिटं तसाच उभा राहिला. तिसऱ्याला अर्धं बोट. पाचव्याला कडेनं चार बुडबुडे. सहाव्याला काहीच नाही. सहाव्यानंतर एक कच्चा दाणा चावून पाहिला, कडू नव्हता. ज्यांना अंदाज येत नाही त्यांनी बाटलीचा उपाय जरूर करावा, मिनिटभराचं काम आहे.

मुग्धाताई, तुमच्या मापानं कढईत केला. शेंगदाण्याचा वास येतो म्हणालात तो खरंच आला, आणि तो येईपर्यंत मला सात मिनिटं लागली. पाणी मात्र मी सव्वा वाटी घातलं, कारण सौ.ला मऊच हवं होतं.

पण मुख्य गोष्ट वेगळीच झाली. 'ओल्या मातीचा' यांचं उत्तर मी तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "चाकवताचा भाऊ आहे तर चाकवताबरोबरच वाढा." सध्या बाजारात चाकवत छान येतो आहे, सकाळी दोन जुड्या आणल्या. कोवळ्या पानांच्या पाठीला पिठासारखी पांढरी भुकटी असते, ती तिनं मला बोटानं दाखवली. एवढी वर्षं मी ही भाजी खाल्ली, पण कधी पाहिली नव्हती. मग ती वॉकर धरून स्वयंपाकघरापर्यंत आली, दारात खुर्ची टाकून बसली आणि ताकातली भाजी मला सांगत गेली: डाळ-शेंगदाणे आधी शिजवून घ्या, ताकाला बेसन लावा, ताक ओतल्यावर ढवळत राहा नाहीतर फुटेल, लसणाची फोडणी शेवटी वरून. ऑपरेशननंतर ती स्वयंपाकघरात अशी बसली ती पहिल्यांदाच.

ताटात मऊ किन्वा, त्यावर चाकवताची पातळ भाजी, बाजूला लिंबाचं लोणचं. धागे होतेच. तिनं एक धागा बोटावर घेऊन पाहिला आणि म्हणाली, "मोड आलेल्या मटकीचा असतो तसाच की." आणि जेवली. अर्धी मूद पुन्हा मागून घेतली. चव भातासारखी नाही, हे तिनं स्पष्ट सांगितलं. कण्यांच्या जवळ जाते म्हणाली, तेव्हा मंगळवेढ्याच्या ताई, पुढच्या आठवड्यात तुमच्या कण्या करणार आहे. ज्वारी भरडून घ्यायला गिरणीत काय सांगायचं, तेवढं लिहा.

'ला पाझ ते पुणे', तो सकाळचा पेल्यातला किन्वा करायचा आहे. माप सांगाल का? साखर घालता येणार नाही.

ला_पाझ_ते_पुणे

काका, वाचून फार बरं वाटलं. पाव वाटी धुतलेला किन्वा, सहा वाट्या पाणी, दालचिनीचा बोटभर तुकडा, तीन लवंगा. दाणे फुटून पाणी दुधट होईपर्यंत, साधारण २५ मिनिटं उकळा. मग सालीसकट एक सफरचंद बारीक चिरून घाला आणि आणखी १० मिनिटं. साखर नको असेल तर गोड सफरचंद बघून घ्या, आंबट घेऊ नका. दोघांना चार पेले होतात. थंड झाला की घट्ट होतो, तेव्हा पुन्हा पाणी घालून सैल करा. आणि पेला गरम असतानाच काकूंच्या हातात द्या, तिथे सगळे तो आधी हात शेकायलाच धरतात.

भाकरीवाली_मंगळवेढा

भाऊ, गिरणीत "कण्या पाडून द्या, रव्यापेक्षा जाड" असं सांगा. घरी आणून चाळा, खालचं पीठ भाकरीला ठेवा, वरच्या कण्या धुऊन रात्रभर ताकात भिजवा. वहिनींना लवकर बरं वाटू दे.