म्युझिक प्लेअर घरच्या ॲम्प्लिफायरला आणि कारला जोडायचाय, मदत हवी आहे

मंडळी, माझ्याकडे छोटा म्युझिक प्लेअर आहे, ब्लूटूथ नाही, फक्त ३.५ मिमीचं हेडफोन सॉकेट आणि चार्जिंगचं यूएसबी. घरच्या ॲम्प्लिफायरला मागे लाल-पांढरी आरसीए सॉकेटं आहेत, तिथे ३.५ ते आरसीए केबल लावलीय, आवाज येतो, पण प्लेअरचा व्हॉल्यूम कमी ठेवला की मागे सूंऽऽ ऐकू येतं आणि फुल केला की तबल्याचा ठेका फाटतो, मग नेमका किती ठेवायचा? (फोनो लिहिलेल्या सॉकेटमधे नाही लावलंय, ते रेकॉर्ड प्लेअरसाठी असतं.)

खरी डोकेदुखी कारची. ऑक्सला (कारच्या स्टिरिओचं ऑडिओ इनपुट सॉकेट) लावून नुसतं ऐकलं तर एकदम स्वच्छ, पण प्लेअर कारच्याच चार्जरवर लावला की कुईंऽऽ सुरू, ॲक्सिलरेटर दाबला की तेही चढत जातं. म्हणजे ग्राउंड लूपच (चार्जर आणि ऑक्स अशा दोन वाटांनी ग्राउंड जोडलं गेल्याने येणारा आवाज) असणार ना? ऑक्सच्या केबलमधे ग्राउंड लूप आयसोलेटर टाकला की जातं म्हणतात, पण त्यात छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, त्याने खर्ज पातळ होतो का? कोणी वापरलाय का प्लीज सांगा, एफएम ट्रान्समीटर (प्लेअरचा आवाज कारच्या रेडिओवर पाठवणारा) नकोच, त्यात आवाजाची पार वाट लागते.