मदत हवी आहे: लावलेली झाडं जगत नाहीत. पुन्हा लावायची की आहेत ती वाचवायची?

नमस्कार मंडळी,
दोन वर्षांपूर्वी आम्ही वस्तीतल्या लोकांनी रस्त्याकडेच्या मोकळ्या पट्ट्यात १२० रोपं लावली. त्या दिवशी फोटोत माणसं मावत नव्हती. पाणी घालायला आता चौघं उरलोय. परवा मोजली तर हिरवी ४१ भरली.

इतके दिवस मी पाण्यालाच दोष देत होतो. रविवारी एक वाळलेलं रोप सहज ओढलं, तर अख्खं हातात आलं. मुळं बाहेर पसरलीच नव्हती, पिशवीच्या आकारात गोल फिरून चुंबळीसारखी घट्ट बसली होती. बुडाशी पिशवीची काळी चिंधीही निघाली. म्हणजे कुणीतरी घाईत पिशवी न काढताच रोप खड्ड्यात ठेवलं. (त्या रांगेला मीच होतो, तेव्हा 'कुणीतरी' जाऊ द्या.) शेजारी पहार मारली तर वीतभर मातीखाली नुसता राडारोडा.

आता आमच्यात दोन तट आहेत. एक म्हणतो मियावाकी (दाट लागवडीची जपानी पद्धत) करू, दुसरा म्हणतो भराभर वाढणारं एकच झाड सगळीकडे लावू. मला वाटतं आधी ही ४१ सांभाळावीत. पण त्यांचीही मुळं अशीच असतील तर? उकरून बघावं की हात लावू नये?

प्रतिसाद १
उपटू नका. खुरप्याने बुंध्याजवळची माती हलकेच बाजूला करा. खोड जिथे रुंद होऊन मुळं फुटतात ती जागा जमिनीच्या पातळीला दिसायला हवी. ती खाली गाडली गेली असेल तर वरची माती काढा. बुंध्याला वेढा घालणारं बारीक मूळ दिसलं तर धारदार कात्रीने कापा. जाड असेल तर आधी जाणत्याला दाखवा.

राडारोड्याचं म्हणाल तर एक खड्डा पाण्याने भरून बघा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच असेल तर तिथे मुळं गुदमरतात, वरून कितीही खत घाला. पाणी शोषणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या अर्ध्या मीटरात असतात, म्हणून पुढच्या वेळी खड्डा खोल नको, रुंद घ्या. मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट. आळ्यात पाच ते दहा सेंटीमीटर पालापाचोळा पसरा, फक्त खोडाला टेकवू नका, साल कुजते. आणि रोज तांब्याभर पाणी घालण्यापेक्षा चार दिवसांनी बादलीभर बरं. वाफसा आला, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसलेली झाली, की मगच पुढचं पाणी.

प्रतिसाद २
मियावाकीवाल्या गटाला विचारा, पाणी कोण घालणार? अकिरा मियावाकी या जपानी वनस्पतिशास्त्रज्ञाच्या पद्धतीत चौरस मीटरला तीनेक रोपं दाटीने लावतात, तीही त्याच भागातल्या मूळच्या जातींची. त्याआधी माती खोलवर भुसभुशीत करावी लागते आणि पहिली दोन-तीन वर्षं पाणी-तण बघावंच लागतं. चौघांचं काम नव्हे, आणि अरुंद पट्ट्यात तर मुळीच नको.

एकाच झाडाचा हट्टही सोडा. अमेरिकी वृक्ष-संशोधक फ्रँक सांतामूर यांनी १९९० मध्ये शहरांसाठी ढोबळ नियम मांडला: एकाच जातीची झाडं १० टक्क्यांहून जास्त नकोत, एका प्रजातीची (जवळच्या जातींचा गट, इंग्रजीत genus) २० आणि एका कुळाची ३०. कीड आली तर सगळी रांग एकदम बसू नये एवढ्यासाठीच. तुमच्या मूळच्या यादीत किती जाती होत्या?

मूळ धागाकर्ता
दोघांचे आभार. यादीत तीनच जाती होत्या, आणि १२० पैकी ९० रोपं एकाच जातीची. काल सहा बुंधे मोकळे केले, त्यातले चार टीचभर खोल गाडलेले निघाले. शेजारी भरलेल्या खड्ड्यात आज सकाळीही पाणी आहे. तिथला राडारोडा खणून काढायचा, की तेवढा भाग सोडून गवतच वाढू द्यायचं?

प्रतिसाद १
जिवंत रोपाजवळ असेल तर खणू नका, उरलेली मुळं तुटतील. रिकाम्या जागी खणा. आणि त्या चौघांत गुडघ्याने धड असलेले किती, तेही आधी कळवा.