अडाना ८×५ चे रोलर बदलायचेत, गोव्याच्या हवेत कुठले टिकतील?

डिचोलीकर
नमस्कार मंडळी. मामांचा छापखाना कधीच बंद झाला, त्यातलं अडाना ८×५ हे टेबलावरचं छोटं छपाईचं मशीन आता माझ्याकडे आलंय. लोखंड ठणठणीत, शाईची थाळी नीट फिरते, प्रॉब्लेम फक्त दोन्ही रोलरचा. रबर कडक होऊन चकाकतंय, एका बाजूला चपटा पट्टा पडलाय आणि टोकांना भेगा. छापलं की मधली अक्षरं फिकट, कडेची शाईने भरलेली, ष आणि क्ष च्या पोटात नुसता डाग. जत्रेतल्या नाटकाची हँडबिलं यावर खिळे (अक्षरांचे सुटे टाइप) जुळवून काढायची फार इच्छा आहे. नवीन रोलर मागवू की जुन्या दांड्यावर रबर चढवून घेऊ? सरसाचे रोलर सगळ्यात चांगले असं एकाने सांगितलं, ते खरं का?

म्हापशाचे काका
सरसाचे नको रे बाबा. आम्ही ट्रेडलवर, म्हणजे पायाने चालवायच्या छपाई मशीनवर, तेच वापरायचो, सरस, ग्लिसरीन आणि काकवी शिजवून साच्यात ओतायचे. शाई घ्यायला आणि द्यायला त्याच्यासारखं काही नाही हे मी आजही म्हणेन, बारीक टाइपावर कसं अलगद फिरायचं! पण सरस हवेतलं पाणी पितो. जूनमध्ये फुगून चिकट व्हायचे, मे महिन्यात नरम पडायचे, म्हणून तर उन्हाळ्याचे आणि थंडीचे रोलर वेगळे ओतायची पद्धत होती. तुझ्याकडे ओतायला साचा नाही, माणूस नाही, तर रबरच घे.

शाई आणि रबर
काकांशी सहमत. दांडे सरळ असतील तर त्यांच्यावरच नवं रबर चढवून घे, दांडा काचेवर लोळवला की वाक लगेच दिसतो. कुठल्याही ऑफसेट प्रेसवाल्याला विचार त्यांचे रोलर कुठे पाठवतात, तिथेच तुझेही होतील. मात्र नुसतं 'रबर चढवा' म्हणू नकोस, नायट्राइल सांग, कारण शाईतलं आणि धुण्यातलं तेल साध्या रबराला फुगवतं. कडकपणा शोअर ए (रबराचा कडकपणा मोजायचं माप) २५ ते ३० च्या आसपास, ऑफसेटचा रोलर थोडा जास्त कडक चालतो पण लेटरप्रेसला, म्हणजे आपल्या खिळ्यांच्या छपाईला, मऊच हवा. पॉलियुरेथेन कोणी सुचवलं तर आधी विचार ते पॉलिएस्टरवालं आहे का, ते दमट हवेत हळूहळू चिकट होऊन विरघळायला लागतं, आपल्याकडे नकोच.

आणि पाठवण्याआधी रनर मोज, म्हणजे दांड्याच्या दोन्ही टोकांची ती चाकं. रबराचा व्यास रनरएवढाच पाहिजे. जुन्या रबराचं माप अजिबात देऊ नकोस, ते मधे झिजलंय म्हणून तर तुझं मधलं फिकट येतंय.

डिचोलीकर
धन्यवाद! मोजले, एका बाजूचे रनर दुसऱ्या बाजूपेक्षा थोडे बारीक भरतायत. आता?

शाई आणि रबर
मग त्या बाजूला रोलर खाली दबतो आणि खिळ्याच्या खांद्यालाही शाई लावतो, डाग तिथलाच. रनर नवीन करून मिळाले तर उत्तम, नाहीतर बारीक रनरवर इलेक्ट्रिकची टेप गुंडाळ, एकेक फेरा चढवत. चेसच्या (टाइप बसवायच्या लोखंडी चौकटीच्या) चारही कोपऱ्यांत मोठा जाड टाइप बसव, शाई लावलेला रोलर हळूच त्यावर टेकवून उचल आणि पट्टा बघ. २-३ मिमी रुंद, चारही ठिकाणी सारखा आला की झालं. जाड पट्टा म्हणजे रोलर खाली, पट्टाच नाही म्हणजे वर. टाइपाची उंची २३.३ मिमी असते, जुना खिळा झिजून बुटका झालेला असेल तर चाचणीला घेऊ नकोस. रनर फिरतात त्या पट्ट्यांवर तेल ठेवू नकोस, रनर घसरले की रोलर फिरायच्या ऐवजी टाइपावरून ओढला जातो.

म्हापशाचे काका
एक सांगायचं राहिलं. काम संपलं की रॉकेल किंवा टर्पेंटाइनने पुसून रोलर मशीनवरून काढून ठेव, रात्रभर थाळीवर टेकून राहिला की चपटा पट्टा पडलाच समज. उभे टांगायचे, उन्हापासून लांब. आपल्या खाऱ्या हवेत दांडा गंजतो, टोकांना तेलाचा हात लाव, रबराला नको. हँडबिल निघालं की फोटो टाक, शिरोरेघ कुठे तुटते का ते मला बघायचंय.