घरच्या ड्राइव्हवेमध्ये बास्केटबॉल कोर्ट : आपले अनुभव सांगा

आमची मुलगी ११ वर्षांची आहे आणि यंदा शाळेच्या संघात तिची निवड झाली आहे. न्यू जर्सीतल्या आमच्या घरी, गॅरेजसमोरच्या ड्राइव्हवेमध्ये तिच्यासाठी अर्धे कोर्ट आखावे असे आम्ही ठरवले आहे. बास्केट कोणते घ्यावे हे दुकानदार सांगतो. जमीन, ढाळ, पाया आणि शेजार यांविषयी मात्र ज्यांनी हे काम स्वतः केले आहे त्यांच्याकडूनच कळेल. काय चुकले आणि काय पुन्हा करावे लागले, तेही आवर्जून लिहावे, ही विनंती.

मिनेसोटाहून

आमचा बास्केटचा पहिला खांब तिसऱ्या हिवाळ्यानंतर कलला. खड्डा अडीच फूट खोल होता आणि काँक्रीट भरपूर ओतले की झाले, अशी माझी समजूत होती. इथे ओल्या मातीतले पाणी गोठताना फुगते, पाया खालून उचलते, आणि वसंतात माती सैल झाली की तो पाया पूर्ववत बसत नाही. राज्याच्या दक्षिण भागात पाया किमान ४२ इंच आणि उत्तरेत ६० इंच खोल असावा, असा बांधकामाचा नियम आहे. तो इमारतींसाठी असला तरी खांबालाही तोच लागू पडतो, हे मला दुसऱ्यांदा खणताना पटले. काँक्रीटचा जुना गोळा फोडून काढण्यात दोन शनिवार-रविवार गेले.

कुदळ मारण्यापूर्वी ८११ या क्रमांकावर फोन अवश्य करावा. माणसे येऊन जमिनीखालच्या गॅसच्या नळीवर पिवळी आणि विजेच्या तारेवर लाल खूण करून जातात, त्याचे पैसे पडत नाहीत. आमची गॅसची नळी ठरवलेल्या जागेपासून जेमतेम हातभर अंतरावर निघाली. शिवाय खांब काँक्रीटमध्ये थेट गाडू नये; बोल्ट उभे ठेवून त्यांवर खांबाची तळपट्टी बसवावी, म्हणजे थोडा कल आला तरी नट फिरवून ओळंबा साधता येतो आणि घर बदलताना खांब सोबत नेता येतो.

ओहायोहून

आमच्या ड्राइव्हवेला पाणी वाहून जाण्यासाठी दर फुटाला पाव इंच ढाळ दिलेला आहे. फ्री थ्रोची, म्हणजे समोरच्या संघाच्या चुकीबद्दल मिळणाऱ्या मोकळ्या फेकीची, रेषा बास्केटमागच्या फळ्यापासून १५ फुटांवर असते. त्यामुळे गॅरेजच्या बाजूला, म्हणजे चढावर, बास्केट बसवले तेव्हा रेषेवर उभ्या राहणाऱ्या मुलाचे पाय पावणेचार इंच खाली आले आणि १० फुटांवरचे बास्केटचे कडे (रिंग) त्याच्यासाठी तेवढेच उंच झाले. एक अख्खा हंगाम त्याने तसाच सराव केला, आणि शाळेच्या सपाट कोर्टवर त्याचे फेक लांब जाऊ लागले. हात बिघडला असे समजून आम्ही त्यालाच दोष देत होतो, याचे मला आजही वाईट वाटते.

पुढच्या वर्षी खांब ड्राइव्हवेच्या कडेला घेतला, म्हणजे खेळण्याची दिशा ढाळाला आडवी झाली. आता बास्केट आणि रेषा जवळजवळ एकाच पातळीवर आहेत, चेंडू पूर्वीइतका रस्त्याकडे पळत नाही आणि गॅरेजच्या दाराच्या काचाही वाचतात. शाळकरी खेळातली तीन गुणांची रेषा पावणेवीस फुटांवर असते. २० फूट रुंदीत ती बसत नाही, म्हणून आम्ही बास्केटसमोरचा १२ फूट रुंदीचा चौकोन आणि फ्री थ्रोची रेषा एवढेच रंगवले. सरावाला तेवढे पुरते.

सांगलीहून

आमच्याकडे बर्फ नाही, पण काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरची फरशी किंवा कोबा सोबत ओढते. बंगल्याच्या फाटकापासून पोर्चपर्यंत २२ बाय ३० फुटांची जागा होती. तिथली माती दोन फूट काढून टाकली, मुरमाचे सहा-सहा इंचांचे थर दिले, प्रत्येक थरावर पाणी मारून धुम्मसाने ठोकून घट्ट केले, मग सोलिंग, म्हणजे दगडांचा थर, आणि त्यावर काँक्रीट. मिस्त्रींना हा खर्च वायफळ वाटत होता. शेजारच्या बंगल्यात थेट मातीवर घातलेला कोबा दोन पावसाळ्यांत उकलला, तेव्हा मिस्त्रींनीच स्वतःहून येऊन आमची जमीन पाहिली.

चूक आमच्याकडूनही झालीच. मिस्त्रींनी पृष्ठभाग घोटून आरशासारखा केला, आणि दिसायला सुंदर म्हणून मीही हरकत घेतली नाही. पहिल्याच पावसात त्यावर शेवाळ धरले आणि नातू घसरून पडला. मनगटाला सहा आठवडे प्लास्टर होते. शेवटी मशिनने वरचा थर खरबरीत करून घ्यावा लागला. काँक्रीट ओले असतानाच झाडूने आडव्या रेघा ओढून घेतल्या असत्या, तर हे टळले असते. काँक्रीट पक्के व्हावे म्हणून मातीचे बांध घालून पाणी मात्र आम्ही पुरते २८ दिवस तुंबवले, आणि कटरने सांधे वेळेवर कापल्यामुळे आजवर एकही वेडीवाकडी भेग पडलेली नाही.

फळा प्लायवूडचा घेऊ नये, पावसात तो फुगतो. खांबाचा वरचा हात पुढे झुकलेला करून घ्यावा, म्हणजे धावत येणारे मूल खांबावर आदळत नाही.

न्यू जर्सीतूनच

आमच्या वसाहतीच्या घरमालक संघटनेने कायमचा खांब नाकारला, म्हणून चाकांचे बास्केट घेतले. तळाच्या टाकीत ३५ गॅलन पाणी, म्हणजे सुमारे १३० किलो वजन होते. पहिल्याच कडाक्याच्या थंडीत पाणी गोठून टाकी तडकली, ती रिकामी होत गेली आणि मार्चच्या वादळात बास्केट गाडीवर पडले. आता टाकीत कोरडी वाळू आहे. खणण्याआधी आपल्या संघटनेचे नियम वाचावेत, आणि चेंडूचा आवाज शेजारच्या झोपण्याच्या खोलीत किती जातो हे तिथे उभे राहून ऐकून यावे.

धागाकर्तीकडून

काल रबरी नळीत पाणी भरून पातळी पाहिली. १६ फुटांत बरोबर चार इंच उतार निघाला, म्हणून खांब कडेलाच घेणार आहोत. संघटनेला पत्र दिले आहे, आणि उत्तर येईपर्यंत मुलीने खडूने फ्री थ्रोची रेषा आखून ठेवली आहे. तिथून तिचा चेंडू अजून १० फुटांपर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे उंची कमी-जास्त करता येणारे कडे घ्यावे का, याविषयी कुणी लिहिले तर मदत होईल.