मदत हवी आहे: पगार जुळतोय, तरी ट्रेड नामंजूर!

हाफकोर्ट_हिरो
एनबीए बास्केटबॉलच्या जाणकारांनी लवकर सांगा. खेळाडूंची अदलाबदल (ट्रेड) करतोय. बील आणि नुर्किच देतोय, बदल्यात बटलर आणि एक रोल प्लेयर (साहाय्यक खेळाडू) घेतोय. येणारा पगार जाणाऱ्यापेक्षा कमीच आहे, तरी नामंजूर. आज रात्री दहापर्यंत द्यायचंय. काय अडतंय?

खडूस_रेफरी
कोण नामंजूर करतंय? कुठला सीझन? आम्ही काय अंतर्यामी आहोत का?

हाफकोर्ट_हिरो
मित्रांचा ग्रुप आहे हो, प्रत्येकाला एनबीएची एकेक टीम दिलीय, नियम खरे. मी फीनिक्स सन्स. बटलर मायामीत आहे यावरून सीझन कळायला हवा होता.

खडूस_रेफरी
बटलर २०१९ पासून मायामीत होता. बील फीनिक्सला आला २०२३ मध्ये. म्हणजे २०२३-२४ पण असू शकतो आणि २०२४-२५ पण. दोन्हीचे नियम वेगळे, म्हणून विचारलं.

हाफकोर्ट_हिरो
२०२४-२५.

अनाहूत
एनबीए बघायला पहाटे उठावं लागतं. मी तर नुसते हायलाइट्स बघतो, चहाबरोबर. झकास.

मीनल_जर्सीवाली
२०२४-२५ असेल तर दुखणं सेकंड एप्रनचं आहे, म्हणजे टीमच्या एकूण पगारावरची दुसरी, वरची रेषा; ती ओलांडली की ट्रेडचे नियम कडक. त्या वर्षी ती रेषा १८ कोटी ८९ लाख डॉलरवर होती आणि सन्सचा एकूण पगार २० कोटींच्या वर. रेषेपलीकडच्या टीमला दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून मोठा पगार घेता येत नाही. नोट मोडून सुट्टे मिळतील, सुट्टे गोळा करून नोट मिळणार नाही. तो रोल प्लेयर कोण, ते सांगाल का?

हाफकोर्ट_हिरो
डंकन रॉबिन्सन. शूटर हवा होता.

मीनल_जर्सीवाली
मग बरोबर! बील ५ कोटी २ लाख, बटलर ४ कोटी ८८ लाख. ही जोडी बसते. नुर्किच १ कोटी ८१ लाख आणि रॉबिन्सन १ कोटी ९४ लाख. इथे अडलं. बेरीज जुळते, पण बीलकडचे उरलेले पैसे रॉबिन्सनसाठी वापरता येत नाहीत. नुर्किचच्या बदल्यात १ कोटी ८१ लाखांच्या आतलेच घ्या, एक घ्या की दोन. खऱ्या सन्सनी तेच केलं: नुर्किच आणि २०२६ चा पहिल्या फेरीचा पिक (नवा खेळाडू निवडायचा हक्क) शार्लटच्या टीमला, तिकडून कोडी मार्टिन, मिचिच आणि दुसऱ्या फेरीचा एक पिक.

पिक_जपा
आणि तो पिक गेला ना! ड्युरांटला घ्यायला सन्सनी चार दिले, तरी हौस फिटली नाही. माझं ऐका, काहीही द्या, पिक देऊ नका.

हाफकोर्ट_हिरो
मी पिक देतच नाहीये.

चौकार_षटकार
एवढं डोकं कशाला? हार्दिक गुजरातहून मुंबईला आला तसं रोखीत उरकून टाका.

खडूस_रेफरी
सेकंड एप्रनवाल्यांना ट्रेडमध्ये रोख देता येत नाही. आणि आयपीएल इथे कशाला? बरं, सगळे पगारात अडकलात. बीलच्या करारात नो-ट्रेड क्लॉज आहे. त्या सीझनला लीगमध्ये तसा क्लॉज दोघांकडेच, दुसरा लेब्रॉन. बील 'नाही' म्हणाला की विषय संपला. तुमच्या ग्रुपात त्याच्या वतीने कोण बोलतं?

हाफकोर्ट_हिरो
एक मित्र सगळ्यांचा एजंट आहे. बिर्याणीवर हो म्हणालाय.

खडूस_रेफरी
खऱ्या सन्सना बिर्याणी सुचली नसावी. २०२५ च्या जुलैत त्यांनी बीलचा बायआउट करून, म्हणजे तडजोडीने करार संपवून, उरलेली रक्कम पाच सीझनमध्ये पसरवली. दरवर्षी १ कोटी ९४ लाखांच्या आसपास, खेळाडू मात्र क्लिपर्स टीमकडे. त्यापेक्षा सीझनभर ठेवा त्याला.

मीनल_जर्सीवाली
अजिबात नाही. मोठा करार नोटेसारखा वेळेत मोडलेला बरा. मिनेसोटाने निक्सला टाऊन्स देऊन रँडल, डिव्हिन्चेन्झो आणि पिक घेतला, तेही सेकंड एप्रनच्या वर असताना. पुढे कॉन्फरन्स फायनल (लीगची उपांत्य फेरी) गाठली.

खडूस_रेफरी
टाऊन्स घेऊन निक्ससुद्धा त्याच वर्षी तिथवर गेले की. मग शहाणं कोण ठरलं?

मीनल_जर्सीवाली
दोघंही. आणि टाऊन्सवर क्लॉज नव्हता, म्हणून तर करार मोडता आला. बीलला ठेवायचंच असतं तर हिरोंनी धागा कशाला काढला असता?

पिक_जपा
त्या ट्रेडमध्येही पिक गेलाच.

हाफकोर्ट_हिरो
तुमचं चालू द्या. मी नुर्किच आणि रॉबिन्सन दोघांना काढलं. नुसता बील देऊन बटलर. तरीही नामंजूर!!

मीनल_जर्सीवाली
मायामीचा एकूण पगार किती दाखवतोय? तेही पहिल्या एप्रनच्या, म्हणजे खालच्या रेषेच्या, वर असतील तर त्यांनाही देतील त्यापेक्षा एक डॉलर जास्त घेता येत नाही. बील १४ लाखांनी महाग आहे. तिसरी टीम शोधा, टाऊन्सच्या वेळी शार्लट होती तशी.

हाफकोर्ट_हिरो
मायामीवाला फोन उचलत नाहीये. शार्लट कोणाकडे आहे ते बघतो.

अनाहूत
बिर्याणी कुठली? आमच्याकडे कॅम्पातली चांगली मिळते.